साटम सरांचा हळू आवाज

साटम सर मोठ्याने बोलल्याचं मला एकदाही आठवत नाही. मैदानावर दहा मुली धावत असत, पलीकडच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू असत, आणि सर पंगतीत शेजाऱ्याकडे मीठ मागावं तशा आवाजात म्हणत, "डावीकडून." कुणाला ऐकू आलं नाही तर ते पुन्हा सांगत नसत. त्यामुळे त्यांच्या मुलींना एक सवय लागली होती. खेळता खेळता त्यांची मान किंचित सरांच्या दिशेला कललेली असायची, एकाच बाजूचा वारा खाऊन झाडं कलतात तशी. पनवेलच्या त्या कॉलेजच्या मुली परक्या मैदानावरही लांबून ओळखू यायच्या त्या या मानेमुळे.

मी त्या कॉलेजची कुणी नव्हे. तळोज्याच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात नोकरी करते. कंपनीची बस संध्याकाळी मला कॉलेजच्या कोपऱ्यावर सोडते. दिवसभर काचेच्या नळ्यांकडे बघून डोळे जड झालेले असतात, बसमध्ये हमखास डुलकी लागते, आणि उतरते तेव्हा मी अर्धी झोपेतच असते. अशाच एका संध्याकाळी पहिल्यांदा तो आवाज कानात शिरला. सिमेंटवर आपटणारा चेंडू, एकाच लयीत, जणू कुणीतरी मोठ्या घराचं दार न कंटाळता वाजवतंय. थंडीचे दिवस होते. तळोज्याकडून येणारं धुकं म्हणा, धूर म्हणा, खाली उतरलं होतं. त्यातून गाळून आलेल्या उन्हात मैदान हळद कालवलेल्या पाण्यासारखं दिसत होतं. पांढरा शर्ट पँटीत खोचलेला एक बुटका माणूस खराट्याने कडेचा पाचोळा काढत होता. मला तो शिपाई वाटला. काम झाल्यावर त्याने खराटा भिंतीला उभा केला, एक टाळी वाजवली, आणि खेळणाऱ्या मुली जागच्या जागी थांबल्या. दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा सुरू झाल्या.

मी जाळीच्या कुंपणाला टेकून विचारलं, "कोण जिंकतंय?"

त्यांनी वळून पाहिलं. "इथं कुणी जिंकत नाही, मॅडम. सराव चालू आहे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उभी राहिले. मग रोजच. घरी यजमान म्हणाले, "तुला बास्केटबॉलमधलं काय कळतं?" काहीच कळत नव्हतं. पण दिवसभराच्या कामानंतर त्या कुंपणापाशी घालवलेला अर्धा तास मला झोपेपेक्षा जास्त विश्रांती द्यायचा. हळूहळू खेळ कळायला लागला, मुलींची नावं पाठ झाली, आणि आंतरमहाविद्यालयीन सामने पाहायला मी रजा टाकून जायला लागले. मुली मला 'कुंपणवाल्या ताई' म्हणायच्या.

सरांची उंची जेमतेम सव्वापाच फूट असेल. संघातल्या मुली त्यांच्या डोक्यावरून चेंडू फेकायच्या. "उंची मी तुमच्याकडून उसनी घेतो, डोकं तुम्ही माझ्याकडून घ्या," असं ते नव्या मुलींना सांगत. ट्रॅकसूट त्यांनी कधी घातला नाही, गळ्यात शिट्टी अडकवली नाही. कुणी दमून कमरेवर हात ठेवला की म्हणत, "चेंडू दमलाय का, बघा." सराव संपला की कट्ट्यावर बसून मोसंबी सोलत. प्रत्येक फोडीवरचे पांढरे धागे नखाने काढत, आईने लहान मुलासाठी काढावेत तसे, आणि प्रत्येकीच्या तळहातावर दोन फोडी ठेवत. हे सगळं मी भारावून बघायची. माणसाने आपलं काम कसं करावं याचं उदाहरण मला त्या जाळीतून दिसतंय, असं वाटायचं.

त्यांच्या शिक्षेची रीत मला उशिरा लक्षात आली. सर रागवत नसत. नाव घ्यायचं बंद करत.

वैजयंती कोळी म्हणून एक मुलगी होती, उरणजवळच्या करंजाची. वडील आणि भाऊ बोटीवर, आई बाजारात मासळी घेऊन बसायची. वैजू काटक होती, हात लांब, आणि उडी अशी की क्षणभर ती वरच राहिलीय असं वाटावं. त्या उडीसाठीच मी कुंपणापाशी थांबायची असं म्हटलं तरी चालेल. एक दिवस ती सरावाला उशिरा आली. आईला ताप होता आणि बोट आलेली, म्हणून मासळी तिलाच बाजारात न्यावी लागली. सरांनी कारण विचारलं नाही. तिने सांगायचा प्रयत्न केला तर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाकीच्यांना दोन टाळ्या दिल्या. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनासे झाले. सूचना द्यायची असेल तर तिच्या शेजारणीला म्हणत, "तिला सांगा, पाय हलवायला." मोसंबीच्या फोडी तिलाही मिळत, पण तिच्या हातावर नाही. कट्ट्याच्या कडेला ठेवलेल्या असत. तिने उचलून घ्यायच्या.

आठवड्याने ती कुंपणापाशी पाणी प्यायला आली.

"ताई, सर माजं नाव घेत नाय," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं. नवल केल्यासारखं बोलली, आपली सावली पडत नाहीये असं सांगावं तसं.

"चांगली खेळ म्हणजे घेतील," मी म्हटलं.

आणि ती खेळली. असं खेळली की बघणाऱ्याचा श्वास अडावा. अंधुक उन्हात ती उडायची, चेंडू रिंगमधून निसटायचा, आणि खाली आल्याबरोबर ती सरांकडे बघायची. सर दुसरीकडे बघत असत. मला वाटलं, काय माणूस आहे! एक शब्द न बोलता या पोरीतून केवढा खेळ काढला!

हे मी नुसतं मनात ठेवलं नाही. माझ्या हाताखाली प्राची नावाची एक नवी मुलगी लागली होती. तिने एका नमुन्याची नोंद चुकवली. एरवी मी दोन शब्द सुनावले असते आणि विसरले असते. त्या वेळी मी तिच्याशी बोलणंच थांबवलं. काम चिठ्ठीवर लिहून तिच्या टेबलावर ठेवायची. तिच्या नोंदी चोख व्हायला लागल्या, मी मनातल्या मनात साटम सरांना नमस्कार केला. पाचव्या दिवशी प्राची माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, ओरडा माझ्यावर. मेमो द्या. पण काहीतरी बोला ना. मला रात्री झोप येत नाहीये."

मी तिला चहाला घेऊन गेले. पण त्या संध्याकाळी कुंपणापाशी उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष चेंडूवर नव्हतं. मी मुलींच्या कललेल्या माना बघत होते.

शंका आली म्हणून भक्ती लगेच सुटते थोडीच! पुढच्याच आठवड्यात उपांत्य सामना होता, आणि मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

त्या दिवसाची दुपार मला स्वप्नासारखी आठवते. आवाज दुरून येत असल्यासारखे, आणि मधली चित्रं मात्र लख्ख. शेवटची काही मिनिटं उरली होती, आमचा संघ एका गुणाने मागे होता. वैजू उडाली आणि उतरताना तिचा पाय दुसऱ्या मुलीच्या बुटावर पडला. घोटा आत वळला. ती खाली बसली, ओठ पांढरे पडले. तिला बाहेर आणलं. सर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, बुटावरूनच क्रेप बँडेज गुंडाळलं, घट्ट, नीट. मी चार हातांवर होते. सर हळू बोलले तरी मला स्पष्ट ऐकू आलं.

"वैजयंती, उभी राहशील?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरू शकत नाही. दुखणं कुठल्या कुठे गेलं होतं. "राहते, सर," ती म्हणाली.

ती लंगडत आत गेली, धावलीच नाही. कोपऱ्यात एका पायावर भार टाकून उभी राहिली. चेंडू तिच्याकडे आला, तिने तिथूनच फेकला. तो वर गेला, खूप वेळ वरच राहिला, आणि आत पडला. सगळे उभे राहिले. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते, "वैजू! वैजू!"

शिट्टी झाल्यावर ती तिथेच खाली बसली. मी धावत गेले. घोटा बुटाच्या वर फुगून आला होता.

"ताई," ती हसत म्हणाली, "ऐकला ना? सरांनी नाव घेतला माजा. एकवीस दिवसांनी."

घोट्याचं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वेळीच थांबली असती तर थोडक्यात भागलं असतं. प्लास्टर, मग शस्त्रक्रिया. अंतिम सामना आमचा संघ तिच्याशिवाय हरला.

पुढच्या रविवारी मी सरांच्या घरी गेले. भाजी मार्केटच्या मागे पहिल्या मजल्यावर ते आपल्या थोरल्या विधवा बहिणीबरोबर राहत. आक्कांना कमी ऐकू यायचं. सर त्यांच्या कानाशी वाकून सावकाश सांगत होते, "कॉलेजच्या ओळखीच्या आहेत. चहा मी करतो." त्यांनी केलेला चहा घेऊन आम्ही गॅलरीत बसलो. मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरले.

"सर, तुम्ही तिला आत पाठवायला नको होतं."

"मी तिला विचारलं होतं."

"एकवीस दिवसांनी विचारलंत."

खाली कुणीतरी टोमॅटोचे क्रेट उतरवत होतं.

"आमचे सर वेताच्या छडीने पोटऱ्यांवर मारायचे," ते म्हणाले. "वळ घेऊन घरी जायचो. मी तेव्हाच ठरवलं, आपण शिकवायला लागलो तर कुणाला हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही, आवाज चढवायचा नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही केलं. विचारा कुणालाही."

"ते खरं आहे, सर."

"मग?"

"वळ निदान घरच्यांना दाखवता येतात," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही ओरडत होतात त्या दिवशी. मला ऐकू येत होतं."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच आले."

निघताना त्यांनी जिन्यापर्यंत येऊन विचारलं, "तिच्या घरी जायला हवं. तुम्ही याल बरोबर?"

आम्ही एसटीने निघालो. जासईच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनर एकावर एक रचलेले, लाल, निळे, गंजलेले, एखाद्या माणसं नसलेल्या शहरासारखे. ट्रेलरच्या रांगेत बस कितीतरी वेळ अडकली. सर खिडकीशी बसले होते. मधेच म्हणाले, "ही रोज याच रस्त्याने यायची?" मी हो म्हटलं. त्यांनी घड्याळात पाहिलं. उरणला उतरल्यावर पुन्हा पाहिलं. मग करंजाच्या रिक्षात बसल्यावरही ते मनगट उलटं धरून होते.

वैजूची आई दारात सुकट निवडत होती. तिने सरांना खुर्ची दिली, आत जाऊन कोरा चहा आणला. वैजू खाटेवर, पाय उशीवर. सर खुर्चीत बसलेच नाहीत.

"पाय कसा आहे, वैजयंती?"

"बरा हाय, सर."

मग आईच बोलली. आवाजात राग नव्हता. "सर, एक सांगू? ही बापासंगती वादळात बोटीवर गेलेली हाय. माजी पोर दर्याला भीत नाय. तुमाला भिते. कशी काय, ते मला कलत नाय."

सरांचा चेहरा मी पाहिला नाही. मी कपाकडे बघत होते.

"माझं चुकलं," ते म्हणाले. तेवढंच, त्याच हळू आवाजात. मग वैजूकडे वळून, "पाय बरा होऊ दे. पुढच्या वर्षी तुझ्या वेळेप्रमाणे सराव ठेवू."

वैजू बोटाने प्लास्टरवरची रेघ गिरवत होती. "सर, मी आता नाय खेलनार तुमच्याकडं."

"का?"

"खेल आवडतो मला. पन सर बोलतील का नाय, सर बघतील का नाय, त्याच्यासाठी उडायचा... ते नाय जमत."

सरांनी मान हलवली, एखादीने बरोबर उत्तर दिल्यावर हलवत तशी.

त्यानंतर ते दोन वर्षं शिकवत होते. मी कुंपणापाशी थांबायची सवय सोडली नव्हती. त्यांनी बदलायचा प्रयत्न केला, आणि तो बघवत नसे. सूचना देताना प्रत्येकीचं नाव घ्यायचे, हजेरी घेतल्यासारखं, आणि कुणी उशिरा आली की अवघडून विचारायचे, "घरी सगळं ठीक?" मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. त्या मोकळ्या खेळायच्या, गप्पा मारायच्या. माना सरळ झाल्या होत्या. संघ दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत हरला. खरं सांगते, मला ते जुने दिवस आठवायचे. त्या धुरकट उन्हातली शांतता, आणि हवेत थांबलेली मुलगी. मग स्वतःचीच लाज वाटायची.

त्यांच्या निरोपसमारंभाला एक जुनी विद्यार्थिनी आली होती, पोलिसात फौजदार झालेली. माझ्या शेजारी बसून रडत होती. म्हणाली, "दोन महिने माझं नाव घेतलं नव्हतं सरांनी. त्या दोन महिन्यांनी मी घडले." ती खोटं बोलत नव्हती. भाषणं चालू असताना तिची मान सरांच्या बाजूला कलली होती.

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी उरणकडच्या द्रोणागिरीच्या एका गोदामात गेले होते. तिथल्या ऑफिसात काचेपलीकडे वैजू बसलेली. मला पाहून धावत बाहेर आली. चाल किंचित तिरकी होती. तिचा पहिला प्रश्न, "सर बरे हायत का, ताई?"

"बरे आहेत. गावी जाणार आहेत कायमचे, आक्कांना घेऊन." मग मी विचारलं, "आणि तू? खेळतेस?"

"सुट्टीच्या दिवशी. आमच्या शाळेच्या मैदानात रिंग हाय. एकटीच टाकत बसते. कोन बघत नाय, बरं वाटतं."

"सरांना सांगू?"

तिने विचार केला. एक ट्रेलर आवाज करत मागे येत होता, तो जाईपर्यंत ती थांबली.

"नको," ती म्हणाली. "ते माजं हाय."

महिन्याभराने, एका सकाळी, कंपनीची बस यायला वेळ होता म्हणून मी वडाळे तलावाच्या कडेने चालत होते. पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. एका बाकावर साटम सर बसल्या बसल्या झोपले होते. हनुवटी छातीवर, हात मांडीवर उघडे. बाक उंच होता. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, लहान मुलाचे लोंबकळावेत तसे लोंबकळत होते. दोन दिवसांनी ते पनवेल सोडणार होते.

मी समोर उभी राहिले. झोपेत त्यांच्या भुवया आक्रसत होत्या, ओठ हलत होते, कुणाला तरी काही सांगत असावेत. मी ऐकायला वाकले, कुंपणापाशी कान द्यायची तशी. एकही शब्द कळला नाही. जागं केलं असतं तर एकच गोष्ट सांगण्यासारखी होती माझ्याकडे. तेवढ्या एका वाक्याने म्हाताऱ्याचं गावाकडचं आयुष्य हलकं झालं असतं, हे मला ठाऊक होतं. ओठांपर्यंत आलं होतं.

पण पोरीने नको म्हटलं होतं.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. सरांची झोप मोडली नाही. मी पाय न वाजवता तिथून निघाले.